थंड पाण्याने कपडे खरेच स्वच्छ होतात का?

गरम पाण्यात भिजवल्याशिवाय कपड्यांचा मळ निघत नाही, असे अनेक घरांत मानले जाते. खरे पाहता रोजच्या कपड्यांना थंड पाणी पुरते. आजारपणातल्या काही कपड्यांना मात्र ते पुरत नाही. हा फरक प्रत्येक घराला माहीत हवा.

मळ काढण्याचे मुख्य काम साबण करतो. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलकट मळाला धरते, दुसरे पाण्याला. चोळताना मळ सुटतो, विसळताना वाहून जातो आणि त्याबरोबर बरेचसे जंतूही जातात. अनेक पावडरींत घामाचे व अन्नाचे डाग तोडणारी एन्झाइम असतात. ती साध्या पाण्यातही काम करतात. फार कडक पाण्यात उलट निकामी होतात. म्हणून कपडे अर्धा तास भिजवा, नीट चोळा, दोनदा विसळा. खोबरेल तेल 24 अंशांच्या खाली गोठते. त्यामुळे थंडीच्या दिवसांत तेलकट कपड्यांना कोमट पाणी घ्यावे. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही. तिथे डिटर्जंट बरा.

रक्ताचा डाग नेहमी थंड पाण्यातच धुवावा. गरम पाण्याने तो कापडात पक्का बसतो. मासिक पाळीचे कापडही आधी थंड पाण्यात भिजवावे, साबणाने धुवावे आणि कडक उन्हात वाळवावे. लाजेपोटी ते इतर कपड्यांखाली किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घातले जाते. दमट राहिलेल्या कापडात जंतू वाढतात. यात लाजण्यासारखे काही नाही. दोरीवरची उन्हाची जागा त्या कापडाला मिळालीच पाहिजे.

आता गरम पाणी कुठे लागते ते पाहू. खरजेचा किडा 50 अंश उष्णतेत 10 मिनिटांत मरतो. गजकर्णाची बुरशी थंड धुण्यातून टिकून राहू शकते. तिला 60 अंशांचे पाणी लागते. उलटी-जुलाब झालेल्या रुग्णाचे कपडे व चादरीही अशाच धुवाव्यात. हे कपडे इतरांच्या कपड्यांत मिसळू नयेत.

घरात तापमापक नसला तरी अडत नाही. दोन तांबे उकळत्या पाण्यात एक तांब्या साधे पाणी घातले की ते सुमारे 75 अंश होते. त्यात कपडे बुडवून बादली झाकून ठेवा. हात घालू नका, काठीने हलवा आणि मुलांना दूर ठेवा. खरजेच्या घरात जी गोधडी धुणे शक्य नाही, ती प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर घट्ट बांधून ठेवा.

केवळ कपडे धुऊन खरूज किंवा गजकर्ण बरे होत नाही. डॉक्टरांना दाखवा. दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे मलम आणून लावू नका. त्याने गजकर्ण चिघळते. खरूज असेल तर घरातल्या सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे.

20 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर नेण्यास सुमारे 0.8 युनिट वीज लागते. ती रोजच्या सदऱ्यावर कशाला घालवायची? ती रुग्णाच्या चादरीसाठी राखून ठेवावी.