दादीचे शब्द हरवतात तेव्हा स्कॅनमध्ये काय दिसतं?

दादीसमोर कप असतो, पण 'चाय' हा शब्द सापडत नाही. "वो... वो गरम वाला" म्हणते. नमाजमध्ये सूरह फातिहा मात्र सलग पढते. मग घरचे म्हणतात, दिमाग तर शाबूत आहे, उमर झाली एवढंच. मरोळमधल्या घरांत आम्ही हे ऐकतो, म्हणून थोडं समजून घेऊ या.

पाठ असलेलं म्हणणं आणि शब्द शोधून नवं वाक्य जुळवणं, ही मेंदूची वेगवेगळी कामं आहेत. पहिलं बराच काळ टिकू शकतं, दुसरं आधी ढासळू शकतं. बोलणं अचानक गेलं तर लकवा असू शकतो. लगेच हॉस्पिटल गाठावं. पण महिनोन् महिने शब्द कमी होत गेले, तर मेंदूच्या पेशी झिजवणारा आजार असू शकतो. डॉ. मार्सेल मेसुलम यांनी 1982 मध्ये असे सहा रुग्ण नोंदवले होते.

एमआरआयमध्ये मेंदूचा कोणता भाग आक्रसला ते दिसतं. पेट स्कॅनमध्ये कोणता भाग साखर कमी वापरतो, म्हणजे सुस्त पडलाय, ते कळतं. बहुतेकांची भाषा डाव्या बाजूला असते. तिथे पुढचा भाग झिजला तर वाक्य जुळत नाही; कानाजवळच्या भागाचं पुढचं टोक झिजलं तर शब्दाचा अर्थच हरवतो. सुरुवातीला एमआरआय नॉर्मलही येऊ शकतो, म्हणून बोलण्याची तपासणीही तितकीच गरजेची.

ती तपासणी घरच्या भाषेत व्हावी. दादी उर्दू बोलत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. वाचातज्ज्ञांसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

हैदराबादमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी यांच्या पथकाने 648 डिमेन्शिया रुग्णांचा अभ्यास 2013 मध्ये मांडला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसला, निरक्षरांमध्येही फरक होता. म्हणजे आजार टळतो असं नाही. पण घरात उर्दू आणि मराठी दोन्ही नांदू द्यायला हे एक कारण पुरे आहे.

या झिजेवर आज पूर्ण इलाज नाही. तरी वाचा-उपचाराने, चित्रं दाखवून, छोट्या वाक्यांनी संवाद टिकवता येतो. वर्गात मूल अडखळलं की आम्ही शिक्षक थांबतो. घरी दादी अडखळली की तिचं वाक्य आपणच पूर्ण करून मोकळे होतो. तिथेही थोडं थांबू या.