‘अस्मितादर्श’ने लेखक कोठून आणले?

प्रत्येक काळात एखादे नियतकालिक असे असते, की त्यात छापून आले म्हणजे माणूस लेखक झाला असे समजले जाते. त्याच्यासमोर तुटपुंज्या भांडवलावर नवे नियतकालिक निघते, तेव्हा लेखक-वाचकांनी त्याच्याकडे का वळावे? त्याच्यापाशी ना पैसा असतो, ना दबदबा. या प्रश्नाचे मला सर्वांत पटणारे उत्तर छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, नागसेनवनात सापडते.

साठच्या दशकात तो मान मुंबईच्या ‘सत्यकथे’चा होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचे संपादन साक्षेपी होते. कथेतल्या उणिवा पत्रातून दाखवायच्या आणि ती पुन्हा लिहून घ्यायची, ही त्यांची पद्धत प्रसिद्धच आहे. या शिस्तीने मराठी कथेचे भले केले. पण चाळणी कितीही चांगली असली तरी तिच्या छिद्रांचे माप ठरलेले असते. त्या मापाविरुद्ध मुंबईतली लघुनियतकालिके उभी राहिली. १९६९मध्ये राजा ढाले यांनी ‘सत्यकथे’वर जाहीर हल्लाही चढवला. त्यातली बहुतेक अनियतकालिके मात्र अल्पायुषी ठरली.

नागसेनवनाची वाट वेगळी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५०मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. घरात पहिल्यांदाच अक्षर आले अशी मुले खेड्यापाड्यांतून येथे आली. या परिसरात डॉ. म. ना. वानखेडे यांच्या प्रेरणेने १९६७-६८च्या सुमारास ‘अस्मिता’ निघाले. त्याचेच पुढे ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक झाले आणि संपादनाची धुरा डॉ. गंगाधर पानतावणे यांनी वाहिली.

या त्रैमासिकाने काय केले? माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली, दुसऱ्याच्या अंगणातले लेखक ओढून आणण्यावर त्याची भिस्त नव्हती. ज्यांना कोणतेच अंगण नव्हते, त्यांच्यासाठी त्याने जागा केली. मिलिंदमध्ये शिकलेल्या वामन निंबाळकरांसारखे कवी या वातावरणात घडले.

दुसरी, नव्या लेखनाबरोबर नवी समीक्षाही छापली. जुन्या गजाने मोजले की नवी कविता आखूडच भरायची. म्हणून ती कशी वाचावी, याची चर्चाही त्याच अंकांतून चालवावी लागली.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ‘अस्मितादर्श’चे लेखक-वाचक मेळावे गावोगावी भरत. अंक टपालाने येतो, माणूस येत नाही. मेळाव्यात वर्गणीदाराला लेखक भेटे, आणि वहीत लपवलेली कविता बाहेर काढण्याचे बळही मिळे. आजचा वाचक उद्याचा लेखक होऊ शकतो, हे ज्याला दिसते त्या संपादकाला लेखक उसने आणावे लागत नाहीत.

यात इतरांशी फारकत नव्हती. याच शहरातल्या ‘मराठवाडा’ दैनिकाने १९६९च्या दिवाळी अंकात दलित साहित्यावर चर्चा घडवली. वानखेडे तिच्यात अग्रभागी होते. छोट्या व्यासपीठावरचा विषय असा मोठ्या वाचकवर्गापर्यंत गेला.

यशाचा एक धोकाही असतो. छोट्याने वाट पाडली की त्या वाटेने मोठे येतात. १९७८मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ ‘ग्रंथाली’ने काढले आणि दलित आत्मकथन घरोघरी पोचले. मग छोट्याची गरज संपते का? ‘सत्यकथा’ १९८२मध्ये बंद पडली. ‘अस्मितादर्श’ त्यानंतरही कित्येक वर्षे निघत राहिले. २०१८मध्ये पानतावणे गेले, तेव्हा त्यांची पहिली ओळख त्या त्रैमासिकाचे संपादक हीच होती. लेखक मोठे होऊन दुसरीकडे लिहू लागले, तरी पहिल्यांदा लिहिणारा कोणी ना कोणी दारात उभा होताच.

आज अनेक छोटी नियतकालिके वर्गणीअभावी धापा टाकत आहेत. नामवंतांचा मजकूर मिळवला की वाचक येतील, अशी त्यांच्या चालकांना आशा असते. पण नामवंत लेखक वाचकाला इतरत्रही मिळतो. त्यासाठी तो नवी वर्गणी भरणार नाही. आपल्या भागात कोणाचे लिहिणे अजून कोणीच मागितलेले नाही, हे आधी शोधावे. ते जिथे मिळेल, तिथे वर्गणीदारही मिळण्याची शक्यता अधिक.