१६ एप्रिल : आगगाडी, विमान आणि चांद्रयान

आजची तारीख प्रवासवेड्यांसाठी खासच!

१६ एप्रिल १८५३, शनिवार, दुपारचे ३.३५. एकवीस तोफांची सलामी झडली आणि बोरीबंदरहून ठाण्याकडे भारतातली पहिली प्रवासी आगगाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित आणि ओढायला तीन इंजिनं : साहिब, सिंध आणि सुलतान. अंतर जेमतेम ३४ किलोमीटर, पण ही रेल्वे यावी म्हणून नाना शंकरशेट कितीतरी वर्षं आधीपासून खटपट करत होते. आणि हो, सीएसएमटीची आजची देखणी इमारत तेव्हा नव्हतीच. ती उभी राहिली १८८० च्या दशकात.

त्यानंतर बरोबर १४ वर्षांनी, १६ एप्रिल १८६७ ला, अमेरिकेत विल्बर राइट जन्मला. १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण धाकट्या ऑरव्हिलच्या नावावर आहे, १२ सेकंदांचं. पण त्याच दिवशीचं सगळ्यात लांब उड्डाण थोरल्याचं : ५९ सेकंद, अंदाजे २६० मीटर! याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

पुढे १९७२ मध्ये याच तारखेला अपोलो १६ चंद्राकडे झेपावलं. चार्ल्स ड्यूक ३६ व्या वर्षी चंद्रावर चालला. इतक्या कमी वयात तिथे पाऊल ठेवणारा दुसरा कुणी अजून तरी झालेला नाही. आपल्या कुटुंबाचा फोटो त्याने तिथेच ठेवला.

प्रवासाशी संबंध नाही, पण चार्ली चॅप्लिनचाही आजच वाढदिवस (१८८९). त्याला वगळलं तर कमेंटमध्ये तुम्ही मला सोडणार नाही!