जलफुगवट्याचा काठ आणि दरवाजांचे वेळापत्रक

धरण किंवा बंधाऱ्याने अडवलेले पाणी नदीच्या पात्रातून, काठच्या सखल जमिनीवरून आणि ओढ्यांच्या मुखांतून मागे पसरत जाते, तेव्हा त्या विस्ताराला जलफुगवटा म्हणतात. नांदेड जिल्ह्यात गोदावरीवरील विष्णुपुरी व बाभळी आणि लातूर जिल्ह्यात मांजरेवरील साई, नागझरी यांसारख्या बंधाऱ्यांमुळे संथ पाण्याचे असे पट्टे निर्माण झाले असून, तेथील जीवसृष्टीचे भवितव्य पाणी किती साठले यावर जितके, तितकेच ते कधी आणि किती वेगाने चढले-उतरले यावर अवलंबून असते.

पाण्याचा चढउतार हा मुळात दोष नव्हे. जंक, बेली आणि स्पार्क्स यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या ‘पूरस्पंद’ संकल्पनेनुसार, ऋतुमानाप्रमाणे येऊन ओसरणारा पूर नदीला तिच्या काठाशी जोडतो. कोरड्या काठावरील गवत आणि शेण पाण्याखाली कुजले की पोषकद्रव्ये मोकळी होतात, त्यांवर सूक्ष्म प्लवक वाढतात आणि रोहू, कटला, मृगळ यांसारख्या पावसाळी पुरात अंडी घालणाऱ्या माशांच्या पिलांना आयते अन्न मिळते. पाणी सावकाश ओसरले तर ही पिले मुख्य प्रवाहात परततात, उघड्या पडलेल्या चिखलात पाणपक्ष्यांना किडे-गोगलगायी सापडतात आणि शेतकऱ्यांना गाळपेर, म्हणजे ओलसर गाळावरचे पीक, घेता येते.

हाच उतार दरवाजे उघडल्याने काही तासांत घडून आला, तर पाणवनस्पतींना चिकटलेली अंडी सुकतात आणि पिले तुटक डबक्यांत अडकतात; उलट उन्हाळ्यात वरून अचानक पाणी सुटले, तर वाळूच्या बेटांवर जमिनीलगत घरटी करणाऱ्या नदी सुरय पक्ष्यांची अंडी वाहून जातात.

बाभळी बंधाऱ्याच्या बाबतीत ही वेळ न्यायनिर्णयानेच बांधली गेली आहे. महाराष्ट्र आणि तत्कालीन आंध्र प्रदेश यांच्यातील वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार, बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे राहतात, त्यानंतर बंद होतात आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे लागते. त्यामुळे माशांच्या विणीच्या काळात प्रवाह मोकळा राहतो. परंतु पाणी ओसरून काठ उघडा पडण्याच्या दिवसांतच दरवाजे बंद होत असल्याने फुगवट्यातील पातळी चढते, आणि मार्चचा विसर्ग सुरयांच्या विणीच्या हंगामालगत येतो.

मांजरेचे दुखणे टंचाईचे आहे. २०१६ च्या दुष्काळात धनेगावचे मांजरा धरण आटले आणि लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी बंधाऱ्यांत उरलेले पाणी तापते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि सांडपाण्याची भर पडली की मासे गुदमरतात. म्हणून नदीतले खोल डोह हे माशांचे अखेरचे आश्रयस्थान ठरतात आणि बेसुमार वाळूउपशाने डोह नष्ट होणे अधिकच घातक असते.

दोन राज्यांच्या हक्कांसाठी दरवाजांच्या तारखा ठरवता येत असतील, तर विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा व कमी करण्याचा, विणीच्या काळात पातळीतील झटके टाळण्याचा आणि डोहांतले किमान पाणी न उपसण्याचा नियमही त्याच वेळापत्रकात बसू शकतो. पाणीवाटपात शेती आणि शहरांबरोबर नदीकाठच्या जीवसृष्टीचा वाटा धरणे, हे मराठवाड्यातील जलव्यवस्थापनाचे पुढचे आवश्यक पाऊल आहे.