नशेतला होकार ही संमती असते का?

लैंगिक अत्याचाराची बातमी वस्तीत आली की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, ‘ती प्यायली होती का?’ आरोपी प्यायला होता का, हे क्वचितच कोणी विचारते. आणि विचारलेच तर ‘तो शुद्धीवर नव्हता हो’ असे म्हणून त्याला सूट देण्यासाठी. तीच दारू तिच्या बाबतीत गुन्हा ठरते आणि त्याच्या बाबतीत सबब. कायदा मात्र याच्या नेमका उलट आहे. आरोग्याच्या पानावर हा विषय आम्ही घेतला, कारण अशा प्रकरणात पहिल्या चोवीस तासांत दवाखान्यात काय घडते यावर पुढे कोर्टात बरेच काही ठरते.

आजचा कायदा समजून घ्यायचा तर देसाईगंजपासून सुरुवात करावी लागते. हे गाव तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आता गडचिरोलीत आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री एक आदिवासी मुलगी भावाच्या तक्रारीवरून जबाब देण्यासाठी तिथल्या पोलीस ठाण्यात आली होती. बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला थांबवून घेतले गेले. एका शिपायाने बलात्कार केला, आणि त्यानंतर हेड कॉन्स्टेबलनेही अतिप्रसंग केला, पण तो इतका प्यायलेला होता की पुढे काही करू शकला नाही, असे तिचे म्हणणे होते. वैद्यकीय तपासणी झाली दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमारास. अंगावर जखम सापडली नाही. (हा खटला तिच्या नावाने ओळखला जातो; पण पीडितेचे नाव छापायला आज कायद्याने बंदी आहे आणि ती योग्य आहे, म्हणून आम्ही ते देत नाही.)

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले आणि एक महत्त्वाचे वाक्य कायद्यात आणले : भीतीपोटी निमूट शरण जाणे म्हणजे संमती नव्हे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात पुन्हा निर्दोष सोडले. जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे जबरदस्ती नाही, असा तो तर्क होता. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुंबईसह देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

त्या बदलाची चर्चा होते ती कोठडीतल्या बलात्काराबद्दल. पण त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आले, त्याकडे फारसे लक्ष जात नाही. स्त्रीने होकार दिला असला, पण त्या वेळी मानसिक आजारामुळे, नशेमुळे किंवा आरोपीने स्वतः अथवा दुसऱ्याकरवी दिलेल्या गुंगीच्या पदार्थामुळे, आपण कशाला होकार देतो आहोत आणि त्याचे परिणाम काय हे तिला समजत नसेल, तर तो होकार संमती धरला जात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम ६३ मध्ये आहे.

हे वाक्य नीट वाचा. दारू कोणी पाजली याला इथे महत्त्व नाही. तिने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मर्जीने घेतली असली तरी हेच लागू होते. न्यायालयाने विचारायचा प्रश्न ‘ती प्यायली होती का’ हा नसून ‘तिला समजत होते का’ हा आहे. आणि याची दुसरी बाजूही खरी आहे, ती लपवून उपयोग नाही : दोन घोट घेतलेल्या बाईचा होकार आपोआप रद्द होत नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००७ मध्ये ब्री नावाच्या खटल्यात हे चांगले मांडले. प्यायलेल्या माणसाचा होकारही खरा असू शकतो, पण बेशुद्ध पडण्याच्या बऱ्याच आधी निवड करण्याची क्षमता संपलेली असू शकते, असे ते न्यायालय म्हणाले. आपल्या न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण अडचण तीच आहे.

२०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्याच कायद्यात लिहिली. त्या विशिष्ट कृतीसाठी, स्वेच्छेने, शब्दांनी किंवा खुणेने स्पष्टपणे दर्शवलेली तयारी म्हणजे संमती. बाईने हातपाय झाडले नाहीत एवढ्यावरून तिची संमती होती असे म्हणता येत नाही. देसाईगंजच्या मुलीला जे मिळाले नाही ते कायद्यात यायला एकेचाळीस वर्षे लागली. गाढ झोपलेली किंवा बेशुद्ध स्त्री संमती कळवूच शकत नाही, त्यासाठीही वेगळे पोटकलम आहे. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत तर संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि पेयात गुंगीचे औषध मिसळणे हा कलम १२३ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

मग न्यायालय ठरवते कसे? त्या वेळी तिच्या डोक्यात काय चालले होते हे कोणी पाहिलेले नसते. म्हणून आजूबाजूचे पुरावे पाहिले जातात : तिला नीट चालता येत होते की दोघांनी धरून नेले, बोलणे अडखळत होते का, उलट्या झाल्या का, रिक्षावाल्याने, वॉचमनने, मैत्रिणीने काय पाहिले, लिफ्टच्या कॅमेऱ्यात काय दिसते, त्या तासाभरात मोबाइलवरून कोणते संदेश गेले. उपनगरातल्या सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांचे चित्रण काही दिवसांनी पुसले जाते, त्यामुळे ते ताब्यात घ्या असे पोलिसांना पहिल्याच दिवशी लेखी सांगावे.

आता शरीराकडे येऊ. दारू रक्तातून कमी होण्याचा वेग साधारणपणे दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ ते २० मिलिग्रॅम असतो. म्हणजे मध्यरात्री १५० मिलिग्रॅम असलेल्या बाईच्या रक्तात सकाळी दहापर्यंत जवळजवळ काही उरत नाही. गुंगीच्या काही औषधांचे त्याहून कठीण आहे. जीएचबी नावाचे द्रव्य लघवीत जेमतेम बारा तास सापडते. झोपेच्या गोळ्यांच्या गटातली औषधे मात्र लघवीत काही दिवस सापडू शकतात. म्हणून नुसते रक्त देऊन थांबू नये, लघवीचा नमुनाही घ्यायला सांगावे. पहिली लघवी शक्यतो दवाखान्यातच, बाटलीत. हे नमुने सील होऊन कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात. अहवालात काही आले नाही म्हणजे नशा नव्हती असे नव्हे, उशीर झाला एवढेही असू शकते. वकिलाने आणि डॉक्टरांनी ते कोर्टाला समजावून सांगावे लागते.

दुसरी गोष्ट स्मरणशक्तीची, आणि इथेच बरीच प्रकरणे अडखळतात. खूप दारू भराभर पोटात गेली की मेंदूतला नव्या आठवणी साठवणारा भाग काम थांबवतो. माणूस चालतो, बोलतो, प्रसंगी फोनही करतो, पण सकाळी त्यातले काही आठवत नाही. ही बेशुद्धी नव्हे. त्यामुळे ‘मला आठवत नाही’ एवढ्यावरून ‘मला तेव्हा समजत नव्हते’ हे आपोआप सिद्ध होत नाही. आणि बचाव पक्ष म्हणतो तसे ‘आठवत नाही म्हणजे होकार दिला असेल’ हेही सिद्ध होत नाही. अशा वेळी बाकीच्या पुराव्याचे वजन वाढते. घरचे लोक प्रेमापोटी तिला रिकाम्या जागा भरायला लावतात : ‘तू ओरडली असशीलच, सांग तसे.’ तसे करू नका. उलटतपासणीत ते एक वाक्य मोडले की खरे असलेले बाकी सगळे संशयात येते. जे आठवते ते सांगावे, जे आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ असेच जबाबात लिहून घ्यावे. पीडितेची एकटीची साक्ष विश्वासार्ह असेल तर तिच्यावर शिक्षा होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या एका पोलीस उपनिरीक्षकाच्या खटल्यात १९९० मध्येच सांगितले आहे. पण विश्वासार्ह हा शब्द त्यात महत्त्वाचा आहे. दारू घेतल्याची गोष्ट लपवून नंतर ती उघडी पडणे हेही असेच घातक. मुळात ती लपवण्याची गरजच नाही.

आरोपीच्या नशेबद्दल थोडक्यात. स्वतःहून दारू पिऊन केलेल्या कृत्याबाबत, शुद्धीत असताना त्याला जे कळले असते ते कळतच होते असे धरले जाते. हे कलम २४. ‘प्यायलो होतो, कळले नाही’ हा बचाव नाही.

कायदा असा असला तरी न्यायासनावरून बोलले जाणारे शब्द नेहमी कायद्याबरोबर चालत नाहीत. २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका जामीन आदेशात, अत्याचारानंतर थकून झोपी जाणे भारतीय स्त्रीला शोभत नाही, अशा अर्थाचा शेरा मारला. तिने आरोपीबरोबर मद्य घ्यायला हरकत का घेतली नाही, असेही विचारले. टीका झाल्यावर शेरा वगळला गेला. मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने बारमध्ये मद्यपान केलेल्या एका विद्यार्थिनीने संकट स्वतःच ओढवून घेतले, असे जामीन देताना म्हटले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल नापसंती व्यक्त केली. वस्तीतला पहिला प्रश्न आणि हे शेरे एकाच घरचे आहेत. आपण पाचवे शील घेतो ते स्वतःच्या मनाचा सांभाळ करायला. दुसऱ्याच्या लेकीने ते पाळले की नाही यावरून तिच्यावरचा अत्याचार मोजायला ते घेतलेले नाही.

दवाखान्याबद्दल काही माहिती हाताशी ठेवावी. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाला तातडीने आणि मोफत उपचार नाकारता येत नाहीत. एफआयआर आधी झालेला असण्याची अट नाही. घाटकोपरचे राजावाडी, ओशिवऱ्याचे प्रसूतिगृह आणि वांद्र्याचे भाभा रुग्णालय येथे महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने २००८ पासून अशा स्त्रियांसाठी उपचार, तपासणी आणि समुपदेशन एकत्र देण्याची पद्धत उभी केली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये देशासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. तपासणी तिच्या संमतीनेच होते. ती नशेत असेल तर आधी उपचार करावेत आणि तपासणीसाठी सही ती समजण्याच्या स्थितीत आल्यावर घ्यावी. (संमतीचा तोच नियम इथेही लागू, याचा डॉक्टरांनाही कधीकधी विसर पडतो.) दोन बोटांची चाचणी करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावले आहे, कोणी करू लागले तर नकार द्यावा. दारूचा वास, बोलणे, तोल, डोळ्यांची स्थिती, उलट्या हे सर्व वेळेसह कागदावर लिहून मागावे. गर्भधारणा टाळण्याची गोळी जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत. एचआयव्ही प्रतिबंधक औषधही ७२ तासांच्या आतच सुरू व्हावे लागते. अंघोळ झाली, कपडे धुतले, दोन दिवस गेले, तरीही जावे. हे उपचार पुराव्यासाठी नाहीत, तिच्यासाठी आहेत.

घटना अंधेरीत घडली आणि घर मुलुंडला असेल तरी मुलुंड पोलिसांना शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवावाच लागतो, आणि तिचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. अंधेरी-बोरिवली पट्ट्यातले असे खटले पुढे दिंडोशीच्या सत्र न्यायालयात चालतात. मोफत वकिलासाठी १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक आहे. आर्थिक मदत आणि पुनर्वसनासाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून सुरू आहे. पीडिता अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल आणि आरोपी त्या समाजाचा नसेल, तर ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे एफआयआरमध्ये लावली आहेत का हे त्याच दिवशी वाचून पाहावे आणि एफआयआरची प्रत, जी मोफत मिळते, घरी घेऊन यावी.