पळणं म्हणजे शिक्षा नव्हे: मुलांना धावण्याची गोडी कशी लावायची?

पहाटे पाच-साडेपाचला नांदेड किंवा लातूरजवळच्या एखाद्या मोकळ्या रस्त्यावर गेलात, तर पोरं पळताना दिसतात. बहुतेक जण भरतीची तयारी करत असतात. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. ५० गुणांच्या मैदानी चाचणीत या एका धावण्याला २० गुण असतात. त्यामुळे आपल्याकडे धावण्याची सुरुवात अनेकदा अठराव्या वर्षी होते, आणि तीही नोकरीसाठी.

त्याआधी धावण्याशी गाठ पडते ती शाळेत. उशीर झाला, गृहपाठ राहिला, की ‘मैदानाला दोन चकरा मार’. म्हणजे पळणं ही एक तर शिक्षा असते, नाही तर परीक्षा. खेळ म्हणून पळणं या दोन्हींच्या मध्ये हरवून जातं. मुलांना धावायला आवडावं असं वाटत असेल, तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

रोज किती हालचाल हवी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. आठवड्यातून किमान तीन दिवस त्यात जोरात पळणं, उड्या मारणं असं काही असावं, कारण हाडं आणि स्नायू त्याने मजबूत होतात. हा तास सलग असायची गरज नाही. पंधरा-पंधरा मिनिटं चार वेळा झाली तरी चालतात.

प्रत्यक्षात हे फार थोड्या मुलांना मिळतं. १४६ देशांतल्या २०१६ पर्यंतच्या माहितीनुसार ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होतं, मुलांमध्ये ७८.

आपल्या भागात त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. ‘लातूर पॅटर्न’ने इथल्या मुलांना डॉक्टर-इंजिनिअर होण्याची वाट दाखवली. नांदेडही आज ‘नीट’च्या तयारीचं मोठं केंद्र आहे. गावाकडून मुलं इथे राहायला येतात. शाळा किंवा कॉलेज, मग शिकवणी, मग अभ्यासिका असा दिवस संपतो, आणि या तिन्ही ठिकाणी मूल बसलेलंच असतं. आता ही तयारी आठवी-नववीपासून सुरू होते. नेमक्या याच वयात हाडं सर्वात वेगाने भरत असतात.

मुलं मोठ्यांसारखी पळत नाहीत

मोकळ्या जागेत सोडलेलं लहान मूल बघा. ते जोरात पळतं, थांबतं, वळतं, पुन्हा पळतं. काही सेकंदांचा झपाटा आणि मग विश्रांती, हीच त्याची नैसर्गिक पद्धत असते. म्हणूनच आठ वर्षांच्या मुलाला ‘एक किलोमीटर पळ’ म्हटलं की ते कंटाळतं. तेच मूल शिवणापाणी खेळताना तासभर थांबत नाही.

विषामृत, लंगडी, लगोरी, साखळी या खेळांत हेच घडतं. पळतोय हे लक्षात न येता पळणं होतं. खो-खो तर यासाठीच बनल्यासारखा आहे. एक जण धावतो, आठ जण बसलेले असतात, आणि खो मिळाला की क्षणात उठून वेग घ्यावा लागतो. लागतात फक्त दोन खांब आणि आखलेलं मैदान. शेजारच्या धाराशिवची सारिका काळे याच खेळातून भारताची कर्णधार झाली आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

दहा-बारा वर्षांखालच्या मुलासाठी म्हणूनच नियम सोपा आहे. अंतर मोजू नका, खेळ द्या. लांब पल्ल्याची आवड असेल तर ती पुढे आपोआप कळते. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा. ३००० मीटर स्टीपलचेसकडे तो वळला सैन्यात गेल्यावर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्य जिंकलं आणि पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण.

शाळेत काय करता येईल?

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग शहरातल्या एका प्राथमिक शाळेने २०१२ मध्ये एक साधा प्रयोग केला. रोज १५ मिनिटं सगळा वर्ग बाहेर पडतो आणि ज्याला जमेल तसा पळतो किंवा चालतो. कपडे बदलायचे नाहीत, शर्यत नाही, नंबर नाही. हा प्रयोग नंतर अनेक देशांत पोहोचला.

जिल्हा परिषदेच्या शाळेतही परिपाठानंतर हे सहज करता येईल. मात्र गुरुजी आणि बाईंनी दोन गोष्टी पाळाव्यात. पळणं शिक्षा म्हणून कधीच देऊ नये. आणि मागे राहणाऱ्याला हसू देऊ नये. शर्यतीत एकाला बक्षीस मिळतं आणि बाकीच्या एकोणचाळीस जणांना ‘हे आपलं काम नाही’ हे कळतं. त्याऐवजी ‘मागच्या आठवड्यापेक्षा एक फेरी जास्त झाली का?’ एवढंच विचारावं.

मुली मागे का पडतात?

पाचवीपर्यंत मुली मुलांइतक्याच पळतात. सातवी-आठवीत त्या मैदानाच्या कडेला उभ्या दिसू लागतात. पाळी सुरू झालेली असते, ओढणी सांभाळायची असते, कुणी काही बोलेल याची धास्ती असते आणि घरी कामंही वाढलेली असतात. ‘तू आता मोठी झालीस’ या एका वाक्यात त्यांचा खेळ थांबतो. ट्रॅक पँट आणि सैल टी-शर्ट, चार-पाच मैत्रिणींचा गट, ठरलेली वेळ आणि सोबत एखादी आई किंवा बाई, एवढं जमलं तरी बराच अडसर दूर होतो. पाळीच्या दिवसांत त्रास नसेल तर पळायला हरकत नाही.

उन्हाचं काय?

मराठवाड्यात हा प्रश्न टाळून चालत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. मुलांना मोठ्यांपेक्षा कमी घाम येतो आणि त्यांचं शरीर बाहेरची उष्णता लवकर घेतं. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावरच खेळ. आधी पाणी, मध्ये पाणी आणि डोक्याला टोपी. डोकं दुखणं, चक्कर किंवा मळमळ सुरू झाली की लगेच थांबवा, सावलीत न्या, ओल्या फडक्याने अंग पुसा. मूल बरळू लागलं किंवा बेशुद्ध पडलं तर थेट दवाखाना गाठा.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होतो, तेव्हा मुरमाचं मैदान किंवा घरात दोरीवरच्या उड्या बऱ्या. पळताना छातीत दुखणं, घेरी येणं, दर वेळी धाप लागून खोकला येणं असं होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. मूल आळशी आहे असं आधीच ठरवू नका.

शिकवणीच्या मुलांसाठी

नववी ते बारावीच्या मुलाला ‘रोज तासभर खेळ’ सांगितलं तर ते होणार नाही. दोन वर्गांच्या मध्ये दहा मिनिटं भरभर चालणं, शिकवणीला गाडीऐवजी सायकल, संध्याकाळी पंधरा मिनिटं दोरी आणि रविवारची परीक्षा झाली की मित्रांबरोबर एक डाव, एवढं जमतं. हा वेळ अभ्यासातून वजा होत नाही. थोडं पळून आल्यावर काही काळ लक्ष चांगलं लागतं आणि रात्रीची झोपही सुधारते.

घरातून सुरुवात

मूल मैदानावरून आलं की ‘कितवा आलास?’ विचारू नका. ‘कोण कोण होतं? मजा आली का?’ विचारा. गुण कमी पडले म्हणून खेळ बंद करू नका, कारण तसं केलं की खेळही बक्षीस-शिक्षेच्या हिशेबात जातो. आणि जमेल तेव्हा स्वतः चपला काढून गल्लीत उतरा. आईवर किंवा बाबांवर राज्य आलं, की मुलांना पळायला सांगावं लागत नाही.