माहिती चौकट : ओटीपोटातील जाळी काढताना

अंग बाहेर येणे किंवा खोकताना लघवी सुटणे, यावर काही शस्त्रक्रियांत पॉलिप्रोपिलीनची जाळी किंवा पट्टी बसवतात. छिद्रांमधून ऊती वाढून ती शरीरात रुजते. आधार मिळतो तो यामुळेच, आणि काढणे अवघड होते तेही यामुळेच. जाळी योनीच्या त्वचेतून उघडी पडली की रक्तस्राव, संबंधाच्या वेळी वेदना, जांघेत कळा सुरू होऊ शकतात. तपासणीत बोटाला खरखरीत कडा लागते.

उघडा भाग छोटा असेल तर आधी इस्ट्रोजेन मलम, नंतर तेवढाच तुकडा कापणे अनेकदा पुरते. संपूर्ण जाळी काढताना मूत्राशय, गुदाशय, रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते, आणि वेदना थांबतीलच असे नाही. म्हणून हे काम मृतदेहांवर सराव केलेल्या, अनुभवी सर्जनच्या हाताखाली शिकलेल्या डॉक्टरांचेच. बसवणे येते म्हणून काढणेही येते, हा समज घातक आहे. अमेरिकेने अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळ्यांची विक्री 2019 मध्ये थांबवली. इंग्लंडने जाळी काढण्यासाठी खास केंद्रे उभारली.

गडचिरोलीत डॉ. राणी व अभय बंग यांनी दोन गावांत केलेल्या, 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या पाहणीत 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले; आधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. जिथे दुखणे सांगितलेच जात नाही, तिथे जाळीचा त्रासही दडून राहतो. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकीने जाळीचे नाव व क्रमांक असलेले डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे.